आईच्या गुडघ्यांसाठी घरी बनवलेला 'झॅपर' वापरावा का? सल्ला हवा

रानवारा

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे. गुडघे खूप दुखतात. मधुमेह जुना आहे, आणि हल्ली तळपाय बधिर वाटतात म्हणते. मामाने एका सर्किटचे फोटो पाठवलेत: ९ व्होल्टची बॅटरी, ५५५ टायमर आयसी, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि दोन तांब्याच्या नळ्या. नळ्यांना ओलं फडकं गुंडाळून हातात धरायच्या. ७ मिनिटं चालू, २० मिनिटं बंद, असं तीनदा. यामुळे रक्तातले जंतू मरतात, सूज उतरते, साखरही आटोक्यात येते म्हणे.

सोल्डरिंग मला येतं, सर्किट तासाभरात होईल. मामा म्हणतो, नळ्यांऐवजी एक पट्टी गुडघ्यावर आणि एक तळपायाला लावली तर नेमका तिथेच परिणाम होईल. '९ व्होल्टने काय बिघडणार?' हा त्याचा प्रश्न मला खोडता येत नाहीये. आईला गोळ्यांचा कंटाळा आलाय, त्यामुळे तिने आशा लावलीय. कुणी वापरलंय का? नसेल वापरायचं तर दुसरं काय करू?

सर्किटवेडा

तळपायाला पट्टी अजिबात लावू नका. बाकी चर्चा नंतर.

९ व्होल्टने झटका बसत नाही, हे मामांचं बरोबर आहे. पण या सर्किटमधून बाहेर येणारी लहर शून्य आणि ९ व्होल्ट यांच्यामध्येच फिरते, उणे बाजूला कधी जात नाही. म्हणजे सेकंदाला ३०,००० वेळा चालू-बंद होत असला तरी प्रवाह वाहतो एकाच दिशेने. घामातलं मीठ आणि पाणी मिळालं की त्वचेवर विद्युत-अपघटन सुरू होतं: ऋण टोकाखाली कॉस्टिक सोडा, धन टोकाखाली आम्ल. टोक तांब्याचं असेल तर तांबंही विरघळून फडक्यात उतरतं. हातात धरलेल्या नळीचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून तिथे फार तर लाली येते. तोच प्रवाह छोट्या पट्टीतून गेला की एका जागी एकवटतो आणि कातडी आतपर्यंत भाजते. सुरुवातीला नुसतं चुरचुरतं. धडधाकट माणूस तेवढ्यावर पट्टी काढून टाकतो. तुमच्या आईंना तळपायाला ते कळणारच नाही, आणि मधुमेहात पायाची जखम किती चिवट असते हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. बॅटरी उतरते म्हणून काही जण मोबाइलचा चार्जर किंवा अ‍ॅडाप्टर जोडतात. त्यातलं इन्सुलेशन निकामी झालं तर घरातला मुख्य प्रवाह सरळ अंगात येईल. हे कुणीही, कशासाठीही करू नये.

शांतपाणी

हा झॅपर हुल्डा क्लार्क यांचा. १९९३च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की सगळे कर्करोग एका आतड्यातल्या चपट्या कृमीमुळे होतात आणि बारीक प्रवाहाने ती मरते. याला कुठलाही पुरावा पुढे आला नाही. क्लार्क २००९ साली मल्टिपल मायलोमाने, म्हणजे कर्करोगानेच गेल्या.

रक्तातले जंतू मारण्याची कल्पना मात्र बॉब बेक यांच्या यंत्रातून जास्त पसरली. ते मनगटाला बांधतात. तिच्या मुळाशी १९९०च्या सुमाराचा न्यूयॉर्कमधला एक खरा प्रयोग आहे: रक्तातून ५० ते १०० मायक्रोअँपिअर सोडल्यावर एचआयव्हीची लागण करण्याची ताकद घटली. पण ते रक्त प्रयोगशाळेतल्या भांड्यात, दोन टोकांच्या मध्ये होतं. मनगटावर पट्टी बांधली की प्रवाह स्नायू, चरबी, सगळ्या ओल्या भागात पसरतो आणि धमनीच्या वाट्याला त्यातला थोडासाच येतो. पुढे या कल्पनेला पेटंट मिळालं, ते पेटंटच लोक पुरावा म्हणून दाखवतात. पेटंट मिळायला कल्पना नवी असावी लागते, रुग्ण बरे झालेले दाखवावे लागत नाहीत.

उगवतीचे_रंग

मी बेक यंत्र वापरते. मला हलकं वाटतं, झोप चांगली लागते. सगळंच खोटं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. सोबत चांदीचं पाणी, म्हणजे चांदीचे अगदी बारीक कण असलेलं पाणी, घेतात, ते अजून सुरू केलेलं नाही.

शांतपाणी

तुम्हाला बरं वाटतं यावर माझा विश्वास आहे. पण चांदीचं पाणी कृपा करून घेऊ नका. चांदी शरीरात साठते, त्वचा निळसर-करडी होते आणि तो रंग कायमचा राहतो. दुसरं म्हणजे, बेक यांच्या सूचनांत यंत्र वापरण्याच्या दोन दिवस आधीपासून औषधं टाळायला सांगितलं आहे. रानवारा, तुमच्या आईंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. साखरेच्या गोळ्या अशा थांबवता येत नाहीत.

फिजिओताई

शरीराला वीज लावून काहीच होत नाही असं नाही, म्हणून लिहिते. दुखण्यासाठी टेन्स, म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून मज्जातंतूंना सौम्य वीज देणारं यंत्र, वापरतो. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवू शकतात. टेन्स त्यावर आधारलेलं आहे. त्यात मायक्रोसेकंदांचे छोटे स्पंद असतात आणि चांगल्या यंत्रात दोन्ही दिशांचा प्रवाह सारखा असतो, म्हणून वर सांगितलेलं भाजणं टळतं. हातापायांना फार घाम येतो त्यांच्यासाठी पाण्यातून सौम्य प्रवाह देण्याचा उपचारही मान्य आहे. या दोन्हींत मात्रा मोजलेली असते.

तरीही आईंच्या गुडघ्यांसाठी मी टेन्सही आधी सुचवणार नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत, सांधे झिजण्यावर ते देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलंय. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, हळू खाली आणायचा. सुरुवातीला दुखेल, आठवड्यांनी फरक कळेल. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गुडघ्यावरचा भार हलका होतो. पेसमेकर, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर विजेचं कुठलंच यंत्र डॉक्टरांना न विचारता नको, आणि मानेच्या पुढच्या बाजूला किंवा छातीवर आरपार तर कुणालाच नको.

रानवारा

सगळ्यांचे आभार. मामाला सर्किटवेडा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पट्टीचा आग्रह त्याने सोडलाय. आईला एवढंच हवंय की गोळ्या कमी व्हाव्यात. ते डॉक्टरांना कसं विचारू?

फिजिओताई

जसं आहे तसं विचारा. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा आणि प्रत्येक गोळी कशासाठी, यातली कोणती कमी करता येईल, हे विचारा. दुखण्याची गोळी रोज पोटात जात असेल तर गुडघ्याला वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल चालेल का, तेही विचारा. त्याच भेटीत तळपायांची संवेदना तपासून घ्या. बधिरता हे गुडघ्यांपेक्षा तातडीचं आहे. तोवर रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघत जा, आईंना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा.

सर्किटवेडा

५५५ आणलाच असेल तर पडू द्या, दुसऱ्या कशाला तरी उपयोगी येईल. व्यायामाचं कसं चाललंय ते इथे कळवा.