मातीसचा 'इकारस': छापचित्र की नुसती नक्कल?

खडूवाला: फ्रेंच चित्रकार मातीसचा 'इकारस' म्हणजे प्रकाशक तेरियादने १९४७ साली पॅरिसमध्ये छापून काढलेल्या 'जाझ' या चित्रपुस्तकातलं आठवं चित्र. निळ्या आकाशात काळी आकृती, छातीत लाल ठिपका, भोवती पिवळे फटकारे. याला छापचित्र का म्हणायचं? मातीसने छापण्यासाठी दगडावर, पत्र्यावर काहीच केलं नाही. ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवलेले कागद कात्रीने कापून चिकटवले, बस्स. त्यावरून छापायचे स्टेन्सिल, म्हणजे रंग भरायचे कापीव साचे, कापले एदमाँ वेरेल या कारागिराने.

कोरीव: मग जपानी चित्रकार होकुसाईच्या 'लाटे'लाही नक्कल म्हणा, ती छापायचा लाकडी ठोकळाही त्याने कोरलेला नव्हता. स्टेन्सिलचं काम हलकं समजू नका. प्रत्येक रंगाला वेगळा साचा आणि आखूड केसांच्या गोल ब्रशने रंग ठेपत जायचं. पातळ झाला की कडेखाली झिरपतो, दाट झाला की वाळल्यावर तडकतो. दोन रंगांच्या सीमेवर केसभर चढ ठेवला नाही तर पांढरी फट उघडी पडते. शिवाय रंगही मातीसने वापरला तोच, लिनेल या छापाचा ग्वाश. अशा २५० प्रती विक्रीच्या आणि २० विक्रीबाह्य.

खडूवाला: रंग तोच, पण थर कुठे गेले? मूळ कोलाजात, म्हणजे चिकटवलेल्या कागदांच्या चित्रात, कागदावर कागद बसलाय, कड उचललेली दिसते. छापल्यावर सगळं एका पातळीत. खुद्द मातीसलाच ते जिगसॉ कोड्यासारखं वाटलं, आणि त्याने पुस्तक फसल्याचं मित्राला कळवलं.

पिवळा_तारा: तो नाराज होता म्हणून वस्तूची जात बदलत नाही. मला तर सपाटपणा इथे शोभतो. ग्रीक कथेत इकारस मेणाने जोडलेल्या पिसांच्या पंखांनी उडतो, आणि सूर्याजवळ मेण वितळून पडतो. इथे ना मेण, ना पिसं, ना सूर्य. इकारस पडतोय की तरंगतोय हेच कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेलं काम म्हणून त्या पिवळ्यांत कुणी तारे पाहतात, कुणी फुटणारे गोळे. आणि गंमत म्हणजे जोडीच्या मजकुरात मातीस सुचवतो, शिक्षण संपवलेल्या मुलांना विमानाने लांबचा प्रवास घडवावा!

कोरीव: घेणाऱ्यांसाठी एवढंच: भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते नंतरचं ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई. सही पुस्तकाच्या शेवटच्या माहितीपानावर असते; सुट्या 'इकारस'वर पेन्सिलीची सही दिसली की शंका घ्या, खरेदी तिथेच थांबवा.

खडूवाला: सहीचं मान्य. पण मूळ बघायचं तर पॅरिसच्या पाँपिदू केंद्र या कलासंग्रहालयाच्या संग्रहातले कापलेले कागदच.