राजा हेरोद आधी वारला, नावनिशी (रोमन शिरगणती) नंतर झाली. मग येशूचा जन्म कधीचा?

वहीतली रेघ:
मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांचे (बायबलातल्या येशूच्या चरित्रांचे) पहिले दोन-दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे मत्तय, उजवीकडे लूक. सारखं काय निघालं? योसेफ, मरीया, तिचं कुमारीपण, बेथलेहेम, हेरोदाचा काळ, पुढे नासरेथ. बस्स. मागी (पूर्वेकडचे ज्ञानी), तारा, हेरोदाने करवलेली बेथलेहेमातल्या बाळांची कत्तल, मिसरला (इजिप्तला) पलायन हे सगळं डावीकडे. नावनिशी, गव्हाणी, मेंढपाळ उजवीकडे. एकातलं दुसऱ्यात औषधालाही नाही. योसेफाचा बापही मत्तयात याकोब, लूकात (पुढे तिसऱ्या अध्यायात) एली!

माझी गाडी अडली ती तारखेवर. हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. ४ चा धरतात. लूक सांगतो की नावनिशीसाठी योसेफ नासरेथहून पूर्वज दावीदाच्या गावी, बेथलेहेमला गेला. ती नावनिशी क्विरीनिय सूरियाचा (सीरियाचा) रोमन सुभेदार असतानाची, म्हणजे इ.स. ६ ची. हे कसं जुळवायचं?

जुना दप्तरी:
जुळत नाही, असं माझं स्पष्ट मत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या इतिहासात ही नावनिशी सविस्तर आहे. हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला रोमने पदच्युत केलं, यहूदिया (बेथलेहेम ज्यात येतं तो प्रांत) थेट रोमच्या ताब्यात गेला, म्हणून कर बसवायला मोजणी झाली. तिच्याविरुद्ध गालीलकर यहूदाने बंड केलं. पण नासरेथ होतं गालीलात, तिथे हेरोदाच्या दुसऱ्या मुलाचा, हेरोद अंतिपाचा अंमल. यहूदियातल्या मोजणीसाठी तिथल्या माणसाने कशाला निघायचं?

काही जण मिसरमधला इ.स. १०४ चा हुकूम दाखवतात, तिथल्या रोमन सुभेदाराने बाहेर गेलेल्यांना घरी परतायला सांगितलं होतं तो. अहो, पण तो स्वतःच्या राहत्या घरी. दावीदासारख्या हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी नव्हे.

गव्हाणीजवळ:
मी श्रद्धावान आहे, हे आधीच सांगते. लूक २:२ मधल्या ‘पहिली’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पूर्वीची’ असा लावणारे अभ्यासक आहेत. म्हणजे क्विरीनियाच्या आधीची नावनिशी. वाक्य थोडं ओढाताणीचं होतं, कबूल.

कत्तलीबद्दल मात्र घाई करू नका. जोसेफस तिचा उल्लेख करत नाही, खरं. पण बेथलेहेम म्हणजे लहानसं गाव, दोन वर्षांखालचे मुलगे असून असणार किती? आणि ज्याने स्वतःचे तीन मुलगे मारवले, त्याला हे अशक्य होतं का? जोसेफस गप्प आहे एवढ्यावरून घडलंच नाही असं ठरत नाही.

जुना दप्तरी:
घडलं असंही ठरत नाही, ताई. आणि लूकाला इ.स. ६ ची मोजणी चांगली ठाऊक होती. प्रेषितांच्या कृत्यांत, म्हणजे त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात, अध्याय ५ मध्ये, त्याने यहूदाचं बंड ‘नावनिशीच्या दिवसांत’ म्हणून सांगितलंय. त्याच्या लेखी ‘नावनिशी’ म्हटली की तीच.

वहीतली रेघ:
कृत्यांतलं ते ध्यानातच आलं नव्हतं. आता माझी दुसरी अडचण. चाळीस दिवसांनी मरीया मंदिरात जाते तेव्हा अर्पण होल्यांच्या जोडीचं किंवा पारव्यांच्या दोन पिलांचं. जुन्या करारातल्या लेवीय १२ प्रमाणे ही सवलत कोकरू परवडत नसेल त्यांना. मागींनी सोनं दिलं होतं ना? ते गेलं कुठे?

गव्हाणीजवळ:
मागी तेव्हा आलेच नव्हते! मत्तय नीट वाचा. ते ‘घरात’ शिरतात, गव्हाणीपाशी नाही. हेरोद मर्यादा दोन वर्षांची धरतो, म्हणजे मधे बराच काळ गेलेला असू शकतो. गव्हाणीपाशी तीन मागी ही चित्रकारांची कृपा. मत्तय तर आकडाही देत नाही.

वहीतली रेघ:
हे पटलं. पण मग लूक २:३९ आडवं येतं. मंदिरातले विधी आटोपून ते थेट नासरेथला परततात. मागींना बेथलेहेमात घर सापडायचं तर कुटुंबाने तिथे परत का यावं? मत्तयात तर नासरेथ हा अर्खेलावाच्या भीतीने निवडलेला मुक्काम, आधीचं घर नव्हे.

तूर्तास होल्यांची ओळ खोडली आहे. नावनिशीची तशीच ठेवलीय, आणि तिच्याखाली ही नवी लिहिली.