लिंकवर क्लिक केलं की प्रोग्रॅम उघडायला हवा, मदत हवी आहे

चिठ्ठीबहाद्दर
आमच्या वेबपेजवर प्रत्येक नगापुढे लिंक आहे. क्लिक केलं की साठ्याच्या प्रोग्रॅममध्ये त्या नगाची नोंद उघडायला हवी. काहीच होत नाही. एररसुद्धा नाही. मशिनं जुनी आहेत, नवी घ्या हा सल्ला नको. आज संपवायचंय.

यंत्रारूढ
जुनी म्हणजे विंडोज एक्सपी की सेव्हन? ब्राउझर? लिंकमध्ये नेमकं काय लिहिलंय?

चिठ्ठीबहाद्दर
दोन्ही आहेत. ब्राउझर नेहमीचाच. लिंकमध्ये प्रोग्रॅमचा सी ड्राइव्हपासूनचा पत्ता आहे.

यंत्रारूढ
नेहमीचाच म्हणजे कुठला हो? असो. पान सर्व्हरवरून येत असेल तर क्रोम आणि फायरफॉक्स अशी लिंक मुद्दामच अडवतात. क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोल बघा, लाल अक्षरांत तक्रार दिसेल.

जुनंतेसोनं
आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) वापरा, अ‍ॅक्टिव्हएक्स (पानाला मशिनवरचे प्रोग्रॅम चालवू देणारी सोय) चालू करा, दोन ओळींत काम. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

यंत्रारूढ
म्हणजे कुठल्याही पानाला मशिनवर काहीही चालवायची मुभा. आणि आयई २०२२ मध्येच निवृत्त झालाय.

जुनंतेसोनं
एक्सपीवर क्रोम ४९ च्या पुढे जात नाही, आणि सुरक्षेचे धडे मला?

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका. सुटाल.

रिकामटेकडा
शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की देता येते. माउसला हातच लावायला नको!

चिठ्ठीबहाद्दर
आणि नगाचा क्रमांक कसा जाणार? कृपया विषयावर या.

सुताराचीकन्या
स्वतःचा प्रोटोकॉल, म्हणजे लिंकच्या सुरुवातीचा 'साठा:' सारखा शब्द, नोंदवा. ईमेलच्या लिंकने मेलचा प्रोग्रॅम उघडतो ना, तीच यंत्रणा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची वही) करंट यूझर, सॉफ्टवेअर, क्लासेस असे आत जा. तिथे इंग्रजी अक्षरांत 'साठा' नावाची की (फोल्डरसारखा कप्पा) करा. तिच्यात 'यूआरएल प्रोटोकॉल' नावाची रिकामी स्ट्रिंग (मजकुराची नोंद) हवीच, ती राहिली तर लिंक ढिम्म हलत नाही. मग त्या कीखाली एकात एक शेल, ओपन, कमांड. कमांडच्या डिफॉल्टमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, पुढे "%1", दोन्ही आपापल्या दुहेरी अवतरणांत. अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत, पण प्रत्येक यूझरच्या खात्याला वेगळी नोंद लागते. रेग फाइल (रजिस्ट्रीत नोंदी भरणारी) करून वाटणार असाल तर पत्त्यातली प्रत्येक उलटी तिरपी रेघ (\) दोनदा लिहा.

चिठ्ठीबहाद्दर
उघडला!! पण नोंद सापडत नाही म्हणतोय.

सुताराचीकन्या
सापडणार कशी? %1 मध्ये अख्खी लिंक जाते, पुढच्या 'साठा:' सकट. ते कापून प्रोग्रॅमला द्या.

जुनंतेसोनं
मधे बॅच फाइल (कमांडची यादी असलेली) टाका की.

यंत्रारूढ
बॅच नको! लिंकमध्ये & आला की त्यापुढचा मजकूर कमांड म्हणून चालू शकतो. छोटी व्हीबीस्क्रिप्ट लिहा. क्रमांकात फक्त आकडे असतील तरच पुढे पाठवायचं, नाहीतर थांबायचं.

चिठ्ठीबहाद्दर
क्रमांकात अक्षरंही आहेत. मधे डॅश. काहींत स्पेस.

सुताराचीकन्या
हे आत्ता सांगताय! स्पेसचं लिंकमध्ये %20 होतं, तेही परत फिरवावं लागेल. एक खराखुरा क्रमांक इथे टाका, मग स्क्रिप्टचं बघू.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवर हे एका डेस्कटॉप फाइलमध्ये झालं असतं.