आयर्लंड म्हणे नुसता कर कमी करून श्रीमंत झाला!

खडूस_मास्तर
काल इथे एका विद्वानांनी लिहिलं, "आयर्लंडने कंपनीकर १२.५ टक्क्यांवर आणला आणि रंकाचा राव झाला." डोक्यात गेलं, म्हणून लिहितोय. अहो, १२.५ टक्के दर आला २००३ साली. चिप बनवणारी इंटेल डब्लिनजवळच्या लीक्सलिपला आली १९८९ मध्ये. मूल आधी, लग्न नंतर?
खरं काम केलं ते अर्थखात्याचे सचिव व्हिटेकर आणि पंतप्रधान लेमास यांनी. १९५८ नंतर आयातशुल्काच्या भिंती उतरवल्या, १९६७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट केलं, १९७३ ला युरोपच्या बाजारात शिरले. इंटेलला आयती मिळालेली पोरं त्या फुकट शाळांतली.

करदाता_त्रस्त
मास्तर, अर्धीच गोष्ट सांगताय. २००३ च्या आधी काय होतं? कारखानदारीला १९८१ पासून १० टक्के! त्याच्याही आधी निर्यातीच्या नफ्यावर करमाफी. म्हणजे तुमच्या व्हिटेकरांच्या काळापासून करसवलत आहेच.
आणि शाळांनी एवढं भलं केलं, तर ८० च्या दशकात बेकारी १७ टक्क्यांवर कशी गेली? शिकली-सवरलेली पोरं लंडनला पळत होती.

खडूस_मास्तर
बरं, सवलत तेव्हाही होती. मग तीस वर्षं तुमचा 'केल्टिक वाघ', म्हणजे आयर्लंडची ती भरभराट, झोपली होती का? १९८७ ला सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसल्या, पगारवाढीला लगाम घातला, सरकारी खर्च कापला. ते सोयीस्कर विसरायचं.

डब्लिनचा_भाडेकरू
तुमचं चालू द्या. २०१५ ला इथला जीडीपी एका वर्षात २६ टक्के वाढला, ठाऊक आहे ना? कंपन्यांनी पेटंटं वगैरे कागदोपत्री इकडे हलवली, बास. शेवटी सांख्यिकी खात्याला वेगळाच आकडा काढायला लागला.
श्रीमंती बघायचीय तर इथे घर शोधा. खोली बघायला गेलो, रांग जिन्यावरून थेट फुटपाथवर. आत पलंगाच्या उशाशी शेगडी. बाई विचारतात, "रोज फोडणी घालता का?" म्हटलं, सणासुदीलाच. तरी नाही मिळाली.

करदाता_त्रस्त
घर मिळत नाही कारण नोकऱ्या आहेत. नोकऱ्या आहेत कारण कर कमी आहे. आभार माना.

डब्लिनचा_भाडेकरू
आभार? २००८ ला बँका बुडाल्या, सरकारने सगळ्यांची हमी घेतली, २०१० ला ८५ अब्ज युरोंचं बेलआउट. बांधकामं अर्धवट पडली, गवंडी-सुतार ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेले. आता तिजोरीत पैसा आहे, पण बांधणार कोण? २०२३ मध्ये मीटरवरची २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी खाल्ली. सर्व्हरला जागा आहे, माणसाला नाही.

मालवणी_खाजा
मालवणातल्या वराडचो लिओ वराडकर थय पंतप्रधान झालो, ह्या कोणीच लिवणा नाय!

डब्लिनचा_भाडेकरू
भाडी त्याच्याच काळात भडकली. तेही श्रेय वराडलाच देऊ का?

मालवणी_खाजा
बापूस वराडचो, भाडा डब्लिनचा. आमका मध्ये घेव नका.

खडूस_मास्तर
विषय कर आहे, फोडणी नाही. त्रस्तराव, अ‍ॅपलच्या थकलेल्या १३ अब्ज युरो कराचं काय? हे सरकार वर्षानुवर्षं कोर्टात भांडलं, "आम्हाला नको तो पैसा!" २०२४ ला युरोपीय न्यायालयाने घ्यायलाच लावला. हा आदर्श?

करदाता_त्रस्त
ते जरा लाजिरवाणं होतं, घ्या, तुमचा एक मार्क. पण कंपन्या थांबल्या ना?

खडूस_मास्तर
थांबल्याच! २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना कर १५ टक्के झाला, तरी थांबल्या. मग करामुळेच आल्या होत्या हे कशावरून?

करदाता_त्रस्त
१५ टक्के युरोपात जवळपास सगळीकडेच झालाय, मास्तर. जाणार कुठे? एवढं तरी वाचून येत जा.