मॅक्सिमा क्लॅम घेताना काय बघायचं? (सांगली)

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. माझी तीन फुटी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, दीड वर्षाची झाली. क्षारता ३५, कॅल्शियम ४२०, चिलर आहे. रविवारी पुण्याला जाऊन मॅक्सिमा, म्हणजे तो रंगीत जिवंत समुद्री शिंपला, आणावा म्हणतोय. विक्रेता व्हॉट्सॲपवर निळेजर्द फोटो पाठवतोय, जीव खालीवर होतोय. धडधाकट क्लॅम ओळखायचा कसा? आई विचारतेय, याचं कालवण होतं का.

मिरजेचा खारेपाणीवाला:
आईंना सांगा, तिसऱ्या आपण तोंड मिटलेल्या बघून घेतो, इथं उलटं आहे. मँटल, म्हणजे आतलं रंगीत मांस, शिंपल्याच्या काठाबाहेर पसरलेलं पाहिजे. वरनं हात फिरवा, सावली पडली की झटक्यात आत गेलं पाहिजे. रेंगाळलं तर राहू द्या तिथंच. पाणी आत घेणारं भोक आ वासून ताणलेलं असेल किंवा मधला भाग पांढुरका पडला असेल, तरी नको. शिंपल्याच्या काठाला नव्या वाढीची पांढरी कड दिसली तर बरं.

आणि फोटोवर घेऊ नका हो, निळ्या लाइटखाली काहीही देखणं दिसतं.

माझा पहिला क्लॅम दुकानदारानं माझ्यासमोर दगडावरनं खसकन उपटला. मी म्हटलं, वा, काय हात आहे! बुडाशी बिसस धाग्यांची जुडी असते, ती मुळातनं तुटली होती. नवव्या दिवशी टाकीला वास सुटला. तेव्हा दगडासकट मागा, नाहीतर दगडालगत ब्लेडनं धागे कापून घ्या.

विश्रामबागकर:
बापरे. आणि ते गोगलगायींचं काय ऐकतो?

मिरजेचा खारेपाणीवाला:
पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. क्लॅमचा रस शोषतात आणि रात्रीच बाहेर पडतात. बुडाचं भोक आणि शिंपल्यावरच्या खवल्यांच्या खाचा बघा. टाकीत सोडण्याआधी टूथब्रशनं शिंपला घासा, मांसाला ब्रश लावू नका. पुढं काही दिवस रात्री टॉर्च घेऊन बसा.

कृष्णाकाठ:
मधेच बोलतो. मॅक्सिमा आणि त्याचा भाऊबंद स्क्वामोसा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. समुद्रातनं काढलेला माल असला तर गुन्हा. फार्मचा, परदेशी म्हणत असतील तर साइट्सचे (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आयात कागद मागा. आधी कागद, मग सावली.

विश्रामबागकर:
फोटोवाल्याला कागद मागितले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. रविवारची गाडी रद्द करतोय.