मे महिन्यात पद्मिनी रंगवताना निळ्यावर पांढुरकी साय येते, काय चुकतंय?

अजनीची_निळी

नमस्कार मंडळी. माझी आत्या हिंगणघाटला डॉक्टर होती. तिच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, गडद निळी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. महिन्यातून एकदा ती स्वतः गाडी चालवत वर्धा रोडने आमच्याकडे अजनीला यायची. गल्लीच्या तोंडाशी तिने गिअर उतरवला की आम्ही भावंडं फाटकाशी पळायचो, तो आवाज अजून कानात आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आत्याला ७५ पूर्ण होतात. तेव्हा तिच्या हातात तीच गाडी ठेवायची आहे, १:२४ मध्ये, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं मॉडेल.

पद्मिनीचं सुटे भाग जोडायचं किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतली. खरी गाडी ३,९३० मिलिमीटर लांब, माझी १६४. छपाईच्या रेषा ४०० पासून १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासल्या, प्राइमर (रंगाखालचं अस्तर) मारला, परत घासलं. इथपर्यंत सगळं छान होतं. वाईट झालं ते निळ्या रंगाला. स्प्रे कॅनने दुसरा हात मारला आणि पाच मिनिटांत बोनेट आणि टपावर दुधावर धरते तशी पांढुरकी साय आली. पुसून जात नाही. दारांवर मात्र तसं काही नाही.

सगळीकडे वाचते तर हवेत ओलावा असला की असं होतं म्हणतात. पण बाहेर ४४ अंश आहे, दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक होतात. ओलावा येईल कुठून? रंग मागच्या खोलीत मारते, दुपारी, मुलगी झोपल्यावर. कॅन नवीन आहे. आता सगळा रंग काढावा लागेल का? दिवस थोडे उरलेत.

बर्डीवाला

ताई, कॅनच जुना असेन पाहा. दुकानात वर्ष-वर्ष पडून राहतात. आणि नीट हलवला होता का? दोन मिनिटं तरी हलवाव लागते. नागपुरात मे मध्ये ओलाव्याचं तर नावच काढू नका.

लाकडी_बैल

ताई, एक विचारतो: मागच्या खोलीत कूलर चालू होता ना?

उत्तर "हो" असणार असं धरूनच पुढचं लिहितो, कारण मी स्वतः तीन उन्हाळे ह्याच जागी अडकलो होतो. बाहेरची हवा कोरडी, म्हणून घरातली कोरडी, असं आपण धरून चालतो. पण आपला डेझर्ट कूलर खसाच्या ओल्या ताट्यांमधून हवा ओढतो आणि तीच खोलीत सोडतो. गारवा मिळतो तो पाण्याची वाफ करूनच. मी शेवटी साडेतीनशे रुपयांचं आर्द्रतामापक घेतलं आणि टेबलावर ठेवलं. दुपारी कूलर बंद असताना २२ टक्के. तासभर चालवल्यावर ६८. ६८ टक्के म्हणजे जवळपास श्रावणातली हवा.

आता साय का येते ते सांगतो, म्हणजे उपाय पाठ करावा लागणार नाही. रंगातलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. त्यात कॅनमधला वायू बाहेर पडताना फुगतो आणि फवाराच गार करतो, त्यामुळे कॅनने हे जास्त होतं. खोलीत ३३ अंश तापमान आणि ६८ टक्के ओलावा असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं तो, २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे गाडीचा टप सातच अंशांनी गार झाला की हवेतलं पाणी ओल्या रंगावर दव होऊन बसतं आणि आत अडकतं. तुमच्या बोनेट आणि टपावर आली, दारांवर नाही, ह्याचं मला नवल वाटत नाही. आडव्या भागांवर आपण नकळत रंग जास्त ओततो, तो जास्त वेळ ओला राहतो, तिथेच दव धरतं.

रंग काढू नका. कॅन चांगला आहे. दोन दिवस वाळू द्या, मग कोरड्या हवेत त्याच रंगाचा एक हलका हात द्या. नव्या रंगातलं थिनर खालचा थर थोडा सैल करतं, अडकलेलं पाणी निघून जातं. बहुतेक वेळा साय तेवढ्यानेच जाते. राहिलीच तर २००० च्या पेपरने पाण्यात हलकं घासून पुन्हा हात.

वेळ मात्र बदला. दुपार सोडाच. कूलर बंद ठेवून गच्चीवर ४४ अंशांत मारायला गेलात तर उलटी गोष्ट होते: रंग हवेतच वाळतो आणि गाडीवर रव्यासारखा पडतो. मी पहाटे साडेपाच ते सात वापरतो. कूलर रात्री तीनलाच बंद करतो, खिडक्या उघड्या. तेव्हा साधारण ३० अंश आणि ३० टक्के असतं, दवबिंदू १० च्या जवळ. तेवढा गार पृष्ठभाग होतच नाही. पंखा बंद, फरशी आदल्या रात्री ओल्या फडक्याने पुसलेली, कारण ह्या दिवसांत धूळही तेवढीच. खिडकीशी उभं राहून मारा आणि सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी मास्क ह्या वाफांना अडवत नाही. मुलगी त्या खोलीत तासभर तरी नको. कॅन गच्चीवर किंवा बंद गाडीत अजिबात ठेवू नका, ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

आणि हात पातळच द्या. खऱ्या गाडीच्या दाराची फट ५ मिलिमीटर धरली तर तुमच्या पद्मिनीवर ती ०.२ उरते. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाड असल्यासारखा दिसेल. फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी होते. पहिला हात तर असा की खालचा प्राइमर दिसतच राहावा.

माझा पहिला रंग तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर होता, महालात आजोबांच्या ओसरीवर. आजोबा बैल रंगवायच्या आधी ओसरीच्या दगडावर तळहात टेकवायचे. दगड ओला लागला की म्हणायचे, आज नको. मला ते कळायला आर्द्रतामापक घ्यावं लागलं.

कामठी_रोड_गॅरेज

वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. पावसाळ्यात आमच्याकडे पण रंग पांढरा पडते, तेव्हा थिनरमध्ये थोडा रिटार्डर टाकतो. त्याने रंग हळू वाळते, पाणी निघायला वेळ भेटते. जास्त टाकला तर दिवसभर चिकट राहते. कॅनमध्ये काही मिसळता येत नाही, त्यामुळे तुम्ही वेळच पाळा. आणि कोणी सांगितलं तरी गॅरेजचा एनसी थिनर किटच्या गाड्यांवर उघड्या प्लास्टिकला लावू नका. किटचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, खाऊन टाकते. दिवाळीत एका पोराची बॉडी माझ्यासमोर मऊ पडली, बिचारा रडला होता.

अजनीची_निळी

कूलर चालूच होता. समोर, तीन फुटांवर.

काल पहाटे पावणेसहाला मारला. आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर, मग गाडीवर. टपाची साय पूर्ण गेली. बोनेटवर डाव्या कोपऱ्यात नखाएवढी राहिली आहे, ती परवा घासेन. निळा अगदी तोच नाही, आत्याचा किंचित काळ्याकडे झुकणारा होता, पण सकाळच्या उन्हात गाडी खिडकीत धरली तेव्हा आईने हातातली परात खाली ठेवली आणि जवळ येऊन बघत राहिली. लाकडी_बैल दादा, तुमचे फार आभार.

आता दाराखालून जाणारी क्रोमची पट्टी. चंदेरी रंगाने ती राखाडी दिसते, चमचे वाया घालवून पाहिलं. काय वापरू?

लाकडी_बैल

बेअर मेटल फॉइल मागवा, मागून चिकट असलेला ॲल्युमिनियमचा अगदी पातळ पत्रा असतो. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आणि पॉलिश झाल्यावरच लावा. पट्टीपेक्षा रुंद तुकडा कापा, कान साफ करायच्या काडीने दाबत बसवा, म्हणजे कडा आपोआप उमटतात. मग नवीन ब्लेडने कडेकडेने कापा. ब्लेड खरंच नवीन हवं, जुनं फॉइल ओढतं आणि फाडतं. दाराची फट आली की तिथेही कापा, नाहीतर दार उघडणारं वाटत नाही. मागच्या दिव्यांच्या कडांनाही तेच चालेल.

क्लिअर मारायच्या आधी निळ्याला चार दिवस पूर्ण वाळू द्या. आणि पाऊस लवकर आला तर घाई करू नका, मला इथे लिहा. रंग वाळवायला माझ्याकडे बंद पेटी आणि ६० वॅटचा दिवा आहे, त्यात तुमची गाडी मावेल.