मदत हवी आहे: १९८५ची शेवरोले सी-१०, कार्ब (कार्ब्युरेटर) काढून इंजेक्शन बसवतोय, पंप कुठला घेऊ?

गंजका_पत्रा
ह्यूस्टनला असतो. गाडी १९८५ची शेवरोले सी-१० पिकअप, शॉर्ट बेड (मागचा हौदा आखूड). एकच टाकी आहे, उजव्या बाजूला, १६ गॅलनची, म्हणजे साधारण ६० लिटर. इंजिन ३५०, आपल्या भाषेत ५.७ लिटर व्ही-८. टर्बो वगैरे नाही, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला आहे, ३०० हॉर्सपॉवर धरून चला. कार्बच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या जागी पेट्रोल फवारणारी चार इंजेक्टरवाली थ्रॉटल बॉडी बसवतोय. पेट्रोलचा दाब एका आकड्यावर धरणारा रेग्युलेटर तिच्या पोटातच आहे, ५८ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक). पंप मात्र आपला आपण आणायचा.

बेत असा आहे: २५५ लिटर/तासवाला इनलाइन (टाकीबाहेर, नळीच्या मध्ये बसणारा) पंप टाकीजवळ चॅसिसला बोल्ट करायचा. पुढे जाणारी जुनी ३/८ इंची लोखंडी नळी तशीच वापरायची आणि रिटर्नला, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न्यायला, मुळातली पाव इंची नळी जोडायची. टाकी उतरवायची नाही.

२५५ पुरेल की ३४० घेऊ? इंजिनवरचा जुना यांत्रिक पंप तसाच राहिला तर चालेल का? आणि इथे उन्हाळ्यात पारा ३८-४०ला जातो, त्याने काही बिघडेल का?

पाऊणवाटी
बाळबोध शंका. पिकअप ट्रक म्हणजे डिझेल ना? त्याला कार्ब कुठून आला?

बाराचा_पाना
@पाऊणवाटी, अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. ही पेट्रोलची गाडी आहे. तिकडे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, तेव्हा सिलिंडरही शोधू नका.

@गंजका_पत्रा, आधी हिशोब करू. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल खातं. ३०० हॉर्सपॉवरला १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, म्हणजे जेमतेम ९२ लिटर. वर पाव हिस्सा राखीव धरला तरी ११५ लिटर. तेव्हा २५५ पुरतो आणि उरतोही. ३४० घेतलात तर जास्तीचं पेट्रोल नुसतं फिरत राहील, पंप जास्त करंट ओढेल आणि रिटर्नवरचा ताण वाढेल. ई-८५ (भरपूर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरणार असाल तर मागणी तिसऱ्या हिश्श्याने वाढते, पण ती धरूनही २५५ कमी पडत नाही.

डब्यावरच्या आकड्याकडे मात्र नीट बघा. तो आकडा किती दाबाला दिलाय ते महत्त्वाचं. ४० पीएसआयला २५५ देणारा पंप ५८ला तेवढं देत नाही. प्रवाहाचा आलेख मागा आणि ५८च्या रेषेवर, १३.५ व्होल्टला काय मिळतं ते वाचा. १२ व्होल्टचा आकडा वेगळा असतो.

यांत्रिक पंप ४ ते ७ पीएसआयचा. ५८च्या लाइनमध्ये त्याला काही काम नाही. डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरेल. तो काढाच.

ओममीटर
लिटरचा हिशोब बरोबर आहे, पण या बेतातली अडचण लिटरमध्ये नाहीच. पंप कुठे बसणार ही अडचण आहे.

इनलाइन पंप ढकलतो उत्तम आणि ओढतो वाईट. त्याला पेट्रोल वरून, स्वतःच्या वजनाने यायला हवं. या गाडीत पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या डोक्यातून बाहेर निघते. पंप चॅसिसवर कितीही खाली लावलात तरी पेट्रोल आधी नळीतून वर चढतं आणि मगच खाली उतरतं. टाकी भरलेली असताना निभावतं. टाकी पावावर आली, पेट्रोल तापलं, की ओढण्याच्या बाजूला दाब कमी होऊन पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. आधी पंपाचा आवाज बदलतो, घोंघावण्याचा किरकिर होतो. मग दाब ५८वरून ४०, ३० असा डुचमळायला लागतो, गाडी झटके देते आणि सिग्नलला बंद पडते. अर्धा तास सावलीत थांबलं की पुन्हा चालू होते. लोक तोवर इग्निशन कॉइल बदलून मोकळे झालेले असतात.

पंपातून जाणारं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. वाफेवर फिरला की आतून घासून लवकर मरतो.

दुसरा मुद्दा रिटर्नचा. ती पाव इंची नळी कार्बच्या जमान्यात वाफ आणि थोडंसं पेट्रोल परत नेण्यापुरती होती. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, व्ही-८ तासाला दोन-तीन लिटर पितो. पंप दोनशेच्या घरात देतो. बाकीचं सगळं त्या पाव इंचातून परत जायचं? रेग्युलेटर कितीही उघडला तरी मागे दाब साचतो आणि आयडलला ५८ऐवजी ६५-७० दिसतं. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे ५८चा ७० झाला की साधारण १० टक्के जास्त. इंजेक्शनचा कॉम्प्युटर आयडलला पेट्रोल कमी करत बसतो आणि पाय दाबला की मिश्रणाचा अंदाज चुकतो. रिटर्न किमान ५/१६, शक्यतो ३/८.

गंजका_पत्रा
म्हणजे टाकी उतरवावीच लागणार असं दिसतंय. टाकीला वरून भोक पाडून पंप आत सोडणारं किट मिळतं, ते घेऊ का? की टाकीच बदलू?

बाराचा_पाना
त्या किटला साधारण सव्वातीन इंची भोक लागतं. पेट्रोल काढून टाकलेली टाकी 'रिकामी' नसते, आत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त भडकते. वापरलेल्या टाकीवर ग्राइंडर किंवा ठिणगी पाडणारं काहीही चालवू नका. चाळीस वर्षांच्या टाकीत तळाला गंजही असणार.

तुमच्या गाडीला सोपा रस्ता आहे. याच बांधणीच्या १९८७च्या पिकअपला कंपनीनेच थ्रॉटल बॉडी इंजेक्शन दिलं होतं आणि पंप टाकीत होता. त्या वर्षाची टाकी नवी मिळते. पंपाभोवती आत आडपडदा असतो, त्यामुळे वळणावर पेट्रोल एका कडेला गेलं तरी पंप उघडा पडत नाही. फ्लोटचा सेंडर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) त्या काळच्या जनरल मोटर्सचा ० ते ९० ओमचाच आहे, म्हणजे डॅशवरचा काटा तसाच चालतो. मागवताना बाजू उजवी की डावी आणि बेड शॉर्ट की लाँग हे दोनदा तपासा. लाँगवाली २० गॅलनची येते.

मात्र त्या टाकीसोबतचा मूळ पंप वापरू नका. त्या काळचं ते इंजेक्शन ९ ते १३ पीएसआयवर चालायचं. तुम्हाला ५८ हवेत. त्याच हँगरवर (टाकीत पंप लटकवणाऱ्या सांगाड्यावर) इनटँक, म्हणजे टाकीत बसणारा, २५५ बसवायचा.

ओममीटर
हँगरवर पंप बदलताना एक जागा नक्की फसवते. मूळ पंपाच्या डोक्यावर, पंप आणि वरच्या नळीच्या मध्ये, डबीसारखा एक तुकडा असतो. पल्सेटर म्हणतात त्याला. दाबाचे हेलकावे शोषायला असतो आणि १२-१३ पीएसआयला ठीक असतो. ५८ला तो कडेने गळतो. गळती टाकीच्या आतच असल्यामुळे बाहेर थेंब दिसत नाही. फक्त दाब कमी भरतो आणि पंप नवा असून 'कमजोर' वाटतो. तो काढून टाका आणि तिथे होसचा (रबरी नळीचा) तुकडा लावा.

होस कुठला, हेही महत्त्वाचं. कडेला छापलेलं वाचा. तिथे होसच्या प्रतीचा आकडा असतो. ३०आर७ कार्बसाठी असतो, इथे नको. बाहेरच्या दाबाच्या लाइनला ३०आर९. आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला फक्त ३०आर१०. आर९ आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत टाकला की काही महिन्यांत फुगून मऊ पडतो. आर१० महाग आहे, फूटभराला डोळे पांढरे होतात, पण लागतो चार इंच.

क्लॅम्प इंजेक्शनचे घ्या, कडा दुमडलेले. खाचांचा पट्टा असलेले साधे क्लॅम्प होसमध्ये रुततात.

शेपटी_वाकडी
थोडा वेगळा सूर लावतो. इनलाइन अगदीच बाद नाही. १९६७-७२च्या सी-१०मध्ये टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे, उंचावर असते. तिथे खालून तोटी काढली तर इनलाइन पंप झकास चालतो. त्याच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी आणि नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. उलटं केलं, म्हणजे बारीक फिल्टर आधी लावला, तर पंप पुन्हा उपाशी. १९८५ला ती सोय नाही, म्हणून वरच्यांशी सहमत.

रिटर्नबद्दल एक भर. ६० लिटरच्या टाकीतून तासाला २०० लिटर फिरतात, म्हणजे तेच पेट्रोल तासाला तीनदा तापलेल्या इंजिनला भेटून परत येतं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात आणि पाव टाकीवर हे जाणवतं. किटच्या पुस्तकात बाहेरचा रेग्युलेटर चालतो असं लिहिलं असेल तर १९९९-२००३च्या कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर टाकीशेजारी लावा. तो ५८चाच असतो. जास्तीचं पेट्रोल तिथूनच दोन फुटांवर टाकीत परत जातं आणि इंजिनकडे एकच नळी जाते. नाहीतर पुढपर्यंत ३/८ रिटर्न टाका आणि दोन्ही नळ्या एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

ओममीटर
आता वायरिंग, कारण 'पंप खराब निघाला' अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी तेच असतं.

५८ पीएसआयला हा पंप ८ ते १० अँपिअर ओढतो. किटच्या वायरिंगमधून येणाऱ्या बारीक वायरने फक्त रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवा. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीपासून २० अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर, ८७पासून पंपाला, ८६ला कॉम्प्युटरचा सिग्नल, ८५ अर्थला. पंपापर्यंत १२ गेजची वायर. अर्थ बेडच्या पत्र्याला देऊ नका, बेड गंजलेल्या बोल्टांवर असतो. चॅसिसवर रंग खरवडून, चमकतं लोखंड दिसल्यावर तिथे द्या.

पंप चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं पंपाच्या प्लसवर लावा. ०.३ व्होल्टच्या आत हवं. अर्थच्या बाजूनेही तेच. दोन्हीकडे मिळून एक व्होल्ट हरवला तर पंप कितीचाही घ्या, उपयोग नाही.

चावीला थेट जोडायचा मोह होतो. नका जोडू. कॉम्प्युटर चावी फिरवल्यावर काही सेकंद पंप चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. अपघातात नळी तुटली तर हेच वाचवतं. सोबत रिलेच्या सिग्नलवर इनर्शिया स्विच (जोराचा धक्का बसताच करंट तोडणारा) टाका. जुन्या फोर्डमधले भंगारात स्वस्त मिळतात.

गंजका_पत्रा
ठरलेली यादी: १९८७ची टाकी उजवी शॉर्ट, नवा हँगर-सेंडर, इनटँक २५५ आणि त्याची जाळी, आर१० चार इंच, ३/८च्या दोन नव्या नळ्या, १० मायक्रॉन फिल्टर, रिले, १२ गेज वायर, इनर्शिया स्विच. पंप एका साइटवर निम्म्या किमतीत दिसतोय, घेऊ?

बाराचा_पाना
निम्म्या किमतीचा बहुधा नकली. हे पंप बेसुमार नकली निघतात, खोका हुबेहूब असतो. टाकी दोनदा उतरवायची नसेल तर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

यादीत दोन गोष्टी राहिल्या. यांत्रिक पंपाच्या जागी बंद करायची पट्टी. ३५०मध्ये पंपाचे दोन बोल्ट काढल्यावर आत अजून एक पट्टी असते. ती काढली की पंप हलवणारा रॉड खाली सरकतो, तो बाहेर काढा. रॉड आत ठेवून वरून पट्टी ठोकली तर कॅम त्याला हाणत राहतो. पट्टीमागे सीलंट लावा, ती जागा ऑइल गळायला टपलेलीच असते.

दुसरं म्हणजे टाकीचं झाकण आणि व्हेंट. आत हवा शिरली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप उपाशी राहतो. तासभर चालवून झाकण उघडल्यावर 'फुस्स' करून हवा आत गेली तर व्हेंट तुंबलाय.

गंजका_पत्रा
सगळं बसलं. चावीवर दाब ५८, आयडलला ५९. व्होल्ट प्लसकडे ०.२, अर्थकडे ०.१. प्रवाह कसा मोजू?

ओममीटर
इंजिन थंड, बंद. रिटर्न नळी टाकीशी सोडवून मापाच्या कॅनमध्ये सोडा. कॅन जमिनीवर, विझवायचं सिलिंडर हाताशी, आणि उजेडाला बल्बचा दिवा नको, एलईडी घ्या. बॅटरीला चार्जर लावा म्हणजे व्होल्ट पडणार नाहीत. पंप रिलेवरून बरोबर १५ सेकंद चालवा, दाबावर लक्ष ठेवा. जेवढे लिटर भरतील त्याला २४०ने गुणा.

गंजका_पत्रा
०.८५ लिटर. दाब ५८वर स्थिर.

ओममीटर
म्हणजे तासाला २०४. तुम्हाला हवे ११५. आता टाकी पावावर येऊ द्या, दाबाचं गेज काचेला बाहेरून चिकटवा आणि दुपारच्या उन्हात रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना लांब, गोल वळणं घ्या. काटा ५५च्या खाली झुकला तर जाळी तळाला नीट टेकली नाही. तेवढ्यासाठी हँगर पुन्हा बाहेर काढावा लागेल.

पाऊणवाटी
डिझेल नव्हतंच म्हणजे. धागा जपून ठेवलाय.